आधी आटे मोजा, डबा नंतर बघा

इंजिनचा जुन्या नंबरचा ऑइल फिल्टर बाजारात मिळेनासा झालाय, बाहेरून तसाच दिसणारा लावला तर काय बिघडतं, असा प्रश्न आहे. बिघडू शकतं, आणि चांगलंच.

समजा स्टड, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात ती इंजिनवरची आट्यांची नळी, पाऊण इंची आहे, इंचाला 16 आटे. म्हणजे व्यास 19.05 मिमी. त्यावर एम20×1.5 (20 मिमी व्यास, दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर) आट्यांचा फिल्टर चढतो आणि घट्ट बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आटे जेमतेम टेकलेले असतात. थंड इंजिन सुरू करून तेलाचा दाब चढला की फिल्टर निसटू शकतो आणि सगळं तेल जमिनीवर. तेव्हा पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी, वापराच. मग गॅस्केटचा व्यास आणि बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर तेल न गाळता पुढे सोडणारी झडप) किती दाबाला उघडतो ते जुळवा. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर तेल परत उतरू न देणारी आतली रबरी झडपही हवीच. डब्याची उंची थोडी कमीजास्त चालते, फक्त कुठे घासायला नको.

खूप जुन्या इंजिनांत फिल्टर बायपास पद्धतीचा असतो. थोडंसंच तेल त्यातून गाळून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, येतं. तिथे बारीक भोकाची अडवणूक नसेल तर तेलाचा दाब पडतो.

भांड्यात कागदी एलिमेंट असलेला प्रकार असेल तर खाचेतला जुना सील टोचणीने उकरून काढा. मी एकदा त्याच्यावरच नवा बसवला होता. काळा पडून तो खाचेचाच भाग दिसत होता! गळती शोधण्यात अख्खा रविवार गेला.