मदत हवी आहे: भाचा एचआयव्हीची गोळी घेत नाहीये, कोचिंगची पोरं त्रास देतात

इंदूरची मावशी
नमस्कार मंडळी, आयडी नवीन काढलाय कारण नात्यातले काही जण इथे वाचतात. माझा भाचा दहावीत आहे, ताई आणि भाऊजी गेल्यापासून आमच्याकडेच वाढतोय, जन्मापासून एचआयव्ही आहे. लहान होता तोवर 'ताकदीची गोळी' म्हणून द्यायचो, मग एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) काउन्सलर मॅडमनी आणि आम्ही मिळून हळूहळू सगळं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्याने ते आमच्यापेक्षा शांतपणे घेतलं. रोज रात्री आठला एक टीएलडी (तीन औषधं एकत्र असलेली एचआयव्हीची गोळी), कधी आठवण करून द्यायची वेळ आली नाही.

दहावी लागली तशी संध्याकाळची कोचिंग सुरू झाली, नऊला सुटते, म्हणून बाटली दप्तरातून न्यायला लागला. एका पोराने ती काढली, वरचं नाव मोबाईलवर टाकून बघितलं आणि झालं, दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला माहीत. आता ह्याचं नाव 'पॉझिटिव'. शेजारी कोणी बसत नाही, ग्रुपवर घाणेरडे स्टिकर टाकतात. सुटल्यावर ही पोरं ठेल्यावर साबुदाण्याची खिचडी खातात, एका दोन्यात दोघंतिघं, आधी हापण त्यात असायचा, आता हसत हसत "भिया, तू अपना अलग ले" म्हणतात. बाकी चिडवण्यापेक्षा मला हे खिचडीचं जास्त लागलं.

आम्हाला कळलं ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्या टेस्टवरून. सेंटरवर गोळ्या मोजल्या तर हिशोब बरोबर, आणि दरवेळी 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (व्हायरस सापडला नाही) येणारा रिपोर्ट ह्यावेळी हजाराच्या वर. घरी येऊन बाटली उघडली तर आत कापूस कोंबलेला, दप्तरात खुळखुळ वाजू नये म्हणून. खूप विचारल्यावर म्हणाला गोळी रोज फ्लश करतो, "ही नसती तर कोणाला कळलंच नसतं मावशी." ह्यावर काय बोलायचं असतं? रागवायचं नाही एवढं कळतं, पण पुढे काय, आणि कोचिंगमध्ये तक्रार करायची तर आजार सांगावा लागेल का, म्हणजे जे दहा पोरांना माहितीये ते आपणच शंभर लोकांना सांगितल्यासारखं होईल. सासूबाई म्हणतात कोचिंगच बंद करा. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सर्वज्ञ
गुळवेलीचा काढा चालू करा, ह्या इंग्रजी गोळ्यांनी शरीर पोखरतं, पोरगा उगीच नाही टाकत.

इंदूरची मावशी
दादा, माझी बहीण काढ्यांवरच राहिली होती. कृपा करून नको.

वर्षाकाकू
मी बरीच वर्षं काउन्सलिंग केलंय म्हणून लिहिते. लोड वाढला म्हणजे औषध फेल झालं असं लगेच धरत नाहीत. गोळी नीट सुरू करून, जास्तीचं काउन्सलिंग करून साधारण तीन महिन्यांनी टेस्ट परत करतात, तेव्हाही हजाराच्या वर राहिला तर बदलाचा विचार. म्हणून फ्लश केल्याचं सेंटरवर सांगाच, नाहीतर गोळ्यांचा हिशोब बरोबर दिसतोय म्हणून ते औषधालाच दोष देतील. टीएलडीमधलं डोलुटेग्राविर चिवट आहे, व्हायरस त्याला सहजासहजी पुरून उरत नाही, पण त्या भरवशावर महिनोन्महिने सोडता येत नाही, आपल्याकडे टीबी टपलेलाच असतो.
वेळेचं म्हणाल तर आठ काही देवाने ठरवलेले नाहीत. सेंटरला विचारून सकाळची करून घ्या, बाटली घराबाहेर जायलाच नको. फक्त कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी चालू असेल तर दोन्ही जेवणाबरोबर घ्यायच्या, उपाशीपोटी असेल तर टीएलडी आधी आणि ती दोन तासांनी. चुकली तर आठवेल तेव्हा, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

बडोदेकर
मावशी, मीपण जन्मापासूनचाच, आता नोकरी करतो. समोर उभं राहून गिळायला लावू नका, जिभेखाली धरून नंतर थुंकता येते, सगळ्यांना येते. त्याला कोणी हे सांगितलंय का की लोड सतत दिसेनासा राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही? ह्या वयात डोक्यात तेच चालतं, आपलं कधी लग्न होईल का, आणि तो ते मावशीला जन्मात विचारणार नाही. माझ्या मामाने मला सेंटरवर एका माझ्यासारख्याच मोठ्या दादाशी भेटवलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसला. तुमच्या काउन्सलर मॅडमना विचारा असं कोणी आहे का. १०९७ नाकोची (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) टोल फ्री लाइन आहे, तिथे नाव न सांगता बोलता येतं.
आणि कोचिंग त्याला विचारल्याशिवाय बंद करू नका, मग शिक्षा त्यालाच झाल्यासारखी होते.

वकीलसाहेब
आजार सांगायची गरज नाही. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय कोणाला स्वतःची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून शिक्षणसंस्थेतून काढताही येत नाही. द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद आहे, पण समोर पंधरा वर्षांची पोरं आहेत, तिथून सुरुवात करू नका. साधं पत्र द्या: "आमच्या मुलाचं दप्तर परवानगीशिवाय उघडलं गेलं, ग्रुपवर त्याच्याबद्दल अपमानास्पद मजकूर टाकला जातो, त्याला वेगळं बसवलं जातं, कारवाई करून लेखी कळवावे." स्टिकरचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. "तब्येतीचं काय आहे नक्की" विचारलं तर "तो आमच्या घरचा विषय आहे" एवढंच.

इंदूरची मावशी
सगळ्यांचे खूप आभार. मिस्टर सोमवारी पत्र घेऊन जातायत. सकाळच्या वेळेबद्दल त्याला विचारलं तर "बघू" म्हणाला, नाही म्हणाला नाही. वकीलसाहेब, एक राहिलं, ते लोक "मग तुमच्या मुलाची बॅच बदलून देतो" म्हणतील, तेव्हा?

वकीलसाहेब
बदलायचीच तर ज्यांनी दप्तर उघडलं त्यांची. हे पत्रातच लिहून टाका. पण तुमच्या मुलालाच दुसरी बॅच हवी असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी त्याला विचारा.