प्लास्टर व्हायच्या आत सांगा: नव्या घरात एसी हवा की नको?

उंबरठा:
वीटकाम झालंय, पुढच्या आठवड्यात वायरमन भिंतींत झिऱ्या मारणार. रोज एकच विचारतो, "एसीचं काय?" नवरा म्हणतो, घर नीट बांधलं तर एसी कशाला? सासूबाई म्हणतात, माझ्या खोलीत हवाच. मी मधल्यामधे. प्लास्टरनंतर फोडाफोड मात्र नको.

पागोळी:
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. एसी ठरला की बाकीच्यावरचं लक्ष उडतं, हे बघितलंय. पश्चिमेचा छज्जा आखूड होतो, समोरासमोरच्या खिडक्या राहून जातात. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खोलीत सोडतो, म्हणून तर अकरा वाजतासुद्धा पंख्याचा वारा गरम लागतो. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा लेप द्या. पश्चिमेच्या काचेला सावली बाहेरून हवी. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात शिरलेलंच असतं.

तारवाला:
आणि हवा दमट असली तर? पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. हवेतच पाणी भरलेलं असलं की घाम वाळत नाही. कूलर तर तिथे आणखी ओल घालतो. एसी हवेतलं पाणी काढतो, निम्मा आराम त्याचाच. शिवाय म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही लवकर कळत नाही. सासूबाईंच्या खोलीला चोचला म्हणू नका.

वायरिंग आत्ताच करून घ्या. दीड टनाचा एसी भर चालला की साधारण दीड किलोवॉट खेचतो. त्याला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) लागतो, पंख्या-दिव्यांची लाइन चालत नाही.

पागोळी:
"सोय करून ठेवा" म्हणजे "बसवाच", हे आपल्याला माहीत आहे.
तुमच्या दीड टनाचा हिशेब पुरा करू. टन म्हणजे वजन नव्हे, खोलीतली उष्णता उपसायची ताकद; १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. म्हणजे खोलीतली पाचेक आणि मशीनची स्वतःची दीड, एवढी उष्णता बाहेर फेकायची. कोणाच्या खिडकीखाली? आणि एसीतला गॅस गळला तर? नव्या मशीनमधला आर-३२ हा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ६७५ पट तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने.

तारवाला:
आधीचा आर-४१०ए २,००० पटींच्या वर होता. सुधारतंय की!

कवडसा:
भांडा तुम्ही. मी फक्त माझी चूक सांगतो. आम्ही हौसेने एसीचा गॅस नेणारे तांब्याचे पाइपही भिंतीत गाडून ठेवले. एसी घेतला सहा वर्षांनी. टोकं नीट बंद केली नव्हती, आत ओल आणि माती. वर जुना पाइप आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातला, नव्या गॅसचा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त. मेकॅनिकने हात लावायला नकार दिला. आता नवा पाइप भिंतीवरून उघडाच जातो, पांढऱ्या पट्टीत.

पण खरा मनस्ताप एसीने काढलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीने दिला. भिंतीत तिला मधे पोट आलं होतं. पाणी तिथे तुंबायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात रंगाला फुगे आले आणि कपाटामागे बुरशी. म्हणून वायर आणि उताराची नळी आत्ता, तांबं मशीन येईल तेव्हा. भिंतीतून आरपार एक भोक मात्र ठेवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, नाहीतर पाऊस आत येतो.

पागोळी:
छज्ज्याचं कोणीच बोललं नाही, बघा.

उंबरठा:
बोलले, घरी. पश्चिमेचा छज्जा दीड फुटाचा अडीच होतोय, लेपही ठरला. सासूबाईंच्या खोलीत वायर, नळी आणि यंदाच एसी. बाकी दोन खोल्यांत नुसती वायर आणि नळी. नवरा म्हणतो, तेवढीच राहील.

आज झिरी बुजवायच्या आत नळीत तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर निम्मंच आलं. वायरमनला परत बोलावलंय.