सॉफ्टवेअरचे पेटंट : संत्र्यांच्या प्रतवारीच्या निमित्ताने एक प्रश्न

प्रश्न (वरुड, जि. अमरावती) :
मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रावरून संत्र्याचा आकार आणि सालीवरील डाग ओळखून प्रतवारी करणारे सॉफ्टवेअर मी तयार केले आहे. आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या एका हंगामाच्या) वेळी व्यापारी बाग नजरेने जोखतो आणि त्याच अंदाजावर सौदा ठरतो, तेव्हा बागायतदाराच्या हाती काही आधार असावा, हा हेतू आहे. पेटंट घेतले नाही तर एखादी मोठी कंपनी कल्पना उचलेल, असे एका सल्लागाराचे म्हणणे आहे. भारतात असे पेटंट मिळते का, आणि अशा पेटंटांमुळे नवनिर्मिती वाढते की खुंटते?

उत्तर १ (वर्धा) :
पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(के) नुसार केवळ संगणक आज्ञावली, अल्गोरिदम (गणनेच्या पायऱ्यांची रीत), गणिती पद्धत किंवा व्यवसायाची पद्धत यांना पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही अट सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा करताना ती सवलत वगळली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. तुम्ही लिहिलेल्या संहितेला (सॉफ्टवेअरच्या कोडला) मात्र कॉपीराइटचे संरक्षण आपोआप आहे. नोंदणीची सक्तीही नाही.

उत्तर २ (दारव्हा, जि. यवतमाळ) :
वरील उत्तर अपुरे आहे. कॉपीराइट संहितेचे रक्षण करतो, कल्पनेचे नाही. भांडवलवाल्याने तीच रीत नव्याने लिहिली तर लहान निर्मात्याने काय करावे? शिवाय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले की, तांत्रिक परिणाम साधणारा शोध केवळ संगणक आज्ञावलीवर आधारलेला आहे म्हणून अपात्र ठरत नाही. तेव्हा जाणकाराला विचारावे, आणि तोवर कार्यपद्धती जाहीर करू नये, कारण अर्जाआधीच ती उघड झाल्यास नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही.

उत्तर ३ (हिंगणघाट, जि. वर्धा) :
दारव्ह्याच्या मित्रांची काळजी खरी आहे, पण पेटंट मिळवण्यापेक्षा ते न्यायालयात लढवणे कितीतरी महाग असते, आणि ती ताकद मोठ्या कंपनीकडेच असते. गिफ या प्रकारच्या संगणकीय चित्रांमागील एलझेडडब्ल्यू या फाइल लहान करण्याच्या पद्धतीचे पेटंट युनिसिस या कंपनीकडे होते. गिफ सर्वत्र रुजल्यावर, १९९४ च्या अखेरीस, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे परवाना शुल्काची मागणी सुरू झाली. त्यातून पीएनजी हा चित्रांचा पर्यायी प्रकार जन्मला हे खरे, पण असलेलेच काम वेगळ्या वाटेने पुन्हा करण्यात अनेकांची मेहनत गेली. सॉफ्टवेअर झपाट्याने बदलत असताना पेटंटची वीस वर्षांची मक्तेदारी फार लांब आहे. तुमचे खरे बळ वरुडच्या बागांतील छायाचित्रांच्या संग्रहात आहे. तो जपा आणि प्रत्येक बहारात वाढवत राहा.