मदत हवी आहे: पैसे देऊन लिहून घेतलेल्या ‘रिसर्च रिपोर्ट’वर विसंबून छोट्या एआय कंपनीचा शेअर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ नुकताच निवृत्त झाला. हाती आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा एका छोट्या एआय कंपनीच्या शेअरमध्ये घालायचं त्याने जवळजवळ ठरवलं आहे. कंपनी कॅनडातल्या एका लहान एक्स्चेंजवर नोंदलेली आहे आणि अमेरिकेच्या ओटीसी बाजारातही (मोठ्या एक्स्चेंजबाहेर, दलालांमार्फत चालणाऱ्या बाजारात) तिच्या शेअरचे व्यवहार होतात. नाव मुद्दाम देत नाही. मला त्या एका शेअरवर शेरा नकोय. अशा कंपन्या तपासायच्या कशा ते समजून घ्यायचं आहे, म्हणजे दादाशी बोलताना हातात काहीतरी ठोस असेल.

दादाची सगळी भिस्त एका रिपोर्टवर आहे. रिपोर्ट दिसायला थेट ब्रोकरेज हाउसच्या अहवालासारखा. आलेख, तक्ते, संचालकांचे फोटो, एआयची बाजारपेठ पुढच्या दशकात कुठे जाणार याचे आकडे. नीट पाहिलं तर त्यातले बहुतेक आकडे एआय उद्योगाचे आहेत, या कंपनीचे नाहीत. मजकूर संपल्यावर करड्या बारीक अक्षरांत एक लांबलचक परिच्छेद आहे. त्यात म्हटलंय की हा मजकूर प्रसिद्ध करण्यासाठी प्रकाशकाला कंपनीकडून मोबदला मिळाला आहे, प्रकाशकाच्या मालकांकडे कंपनीचे शेअर आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचे हक्क) आहेत, ते पूर्वसूचना न देता कधीही विकले जाऊ शकतात, आणि दिलेली माहिती स्वतंत्रपणे पडताळलेली नाही.

हे दाखवल्यावर दादा म्हणाला, "कायद्याने लिहावं लागतं म्हणून लिहितात गं, त्याला एवढं काय धरून बसायचं?" मला नेमकं उलट वाटतं. अमेरिकेच्या १९३३ च्या सिक्युरिटीज कायद्याचं कलम १७-ब सांगतं की मोबदला घेऊन शेअरची भलामण करणाऱ्याने मोबदला घेतल्याचं आणि तो किती घेतला हेही उघड केलं पाहिजे. २०२२ मध्ये अमेरिकी टीव्ही-तारका किम कार्दाशियन यांच्यावर याच कलमाखाली कारवाई झाली होती. एका क्रिप्टो टोकनबद्दलच्या पोस्टसाठी त्यांना अडीच लाख डॉलर मिळाले होते आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं. प्रकरण मिटवताना १२.६ लाख डॉलर भरावे लागले. रिपोर्टमधला प्रत्येक अंदाज ‘ही आमची अपेक्षा होती’ म्हणून सोडवून घेता येतो, मोबदल्याची गोष्ट लपवली तर ती थेट अंगाशी येते. म्हणून माझ्या मते त्या अख्ख्या रिपोर्टात सगळ्यात भरवशाचा मजकूर म्हणजे तो करडा परिच्छेद.

पण अडचण इथेच आहे. मोबदला घेतल्याचं तर उघड केलेलं आहे, म्हणजे रकमेचा उल्लेख असेल तर कायद्याच्या दृष्टीने बहुधा सगळं ठीक. मग धोका नेमका कुठे आहे हे दादाला कसं दाखवू? प्रकाशकाला रोख मिळाली की शेअर, याने काय फरक पडतो? कंपनीची कागदपत्रं मी मोफत संकेतस्थळांवरून उतरवून घेतली आहेत, त्यांत आधी काय पाहू? आणि ‘आमचं स्वतःचं एआय मॉडेल’ या दाव्यात किती तथ्य आहे, हे माझ्यासारख्या तंत्रज्ञानाबाहेरच्या माणसाला कळण्याचा काही मार्ग आहे का? दादाचं हे आयुष्यभराच्या नोकरीचं फळ आहे. तो हट्टी नाही, पण "तुला शेअरमधलं काय कळतं" या वाक्यापुढे माझं गाडं सरकत नाही. कृपया मदत करा.

ताळेबंद:

ताई, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. काही वर्षं अशा कंपन्यांचे हिशोब वाचण्यात गेली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जाहिरात कुणी आणि का केली यापेक्षा जाहिरातीमुळे आलेल्या गर्दीला शेअर विकणार कोण, हे शोधा. छोट्या कंपनीचा शेअर एरवी दिवसाला नाममात्र हलतो. ज्यांच्याकडे मोठा गठ्ठा आहे त्यांना तो विकायचा म्हटला तर घेणारेच नसतात, चार ऑर्डरीत भाव कोसळतो. जाहिरात मोहीम हे घेणारे आणून देते. त्यामुळे मोठे गठ्ठे कुणाकडे आहेत, ते त्यांना कोणत्या भावाला मिळाले आणि विकायला कधी मोकळे होतात, या तीन गोष्टी आधी काढा.

कॅनडात खासगी विक्रीतून घेतलेल्या शेअरवर साधारणपणे ४ महिन्यांची विक्रीबंदी असते. अमेरिकेत नियम १४४ खाली, नियमित अहवाल देणाऱ्या कंपनीसाठी ती ६ महिन्यांची आणि इतरांसाठी १ वर्षाची. कंपनीची जुनी प्रसिद्धीपत्रकं तारखेनुसार लावा. प्रायव्हेट प्लेसमेंट (म्हणजे हीच खासगी विक्री) कधी संपली, भाव काय होता, सोबत वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाला नवे शेअर घेण्याचे हक्क) किती दिले ते लिहून काढा. बंदी संपायची तारीख आणि जाहिरात मोहीम सुरू व्हायची तारीख शेजारी शेजारी आल्या, तर तुमच्या दादांचे पैसे कुणाच्या खिशात जाणार ते वेगळं सांगायला नको. कॅनडात २०२२ च्या शेवटापासून अशीही एक सवलत आहे की ठरावीक अटी पाळणाऱ्या कंपनीने तिच्याखाली विकलेल्या शेअरवर बंदीच नसते, ते लगेच बाजारात येऊ शकतात. तोही उल्लेख शोधा.

रोख की शेअर? रोख दिली तर ती कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे भागधारकांच्या पैशातून गेली. शेअर किंवा ऑप्शन दिले असतील तर लिहिणाऱ्याचा फायदा भाव वर जाण्यात आणि तो खाली यायच्या आत विकण्यात आहे. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण त्यात लेख वाचणारा आणि लिहिणारा एकाच सौद्याच्या दोन बाजूंना उभे असतात.

हिशोबात एक ओळ जरूर बघा, जाहिरात आणि गुंतवणूकदार-संपर्कावरचा खर्च. तो संशोधन-विकासाच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर कंपनी सॉफ्टवेअर कमी आणि शेअर जास्त विकते आहे.

मॉडेलवाला:

एआयच्या बाजूने मी लिहितो, हे माझं रोजचं काम आहे.

‘आमचं स्वतःचं मॉडेल’ म्हणणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या प्रत्यक्षात एखाद्या मोठ्या कंपनीचं मॉडेल एपीआयने (प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडून) भाड्याने वापरतात आणि त्यावर आपला मुखवटा चढवतात. त्यात बेकायदा काही नाही, धंदा चांगलाही असू शकतो, पण मग ‘आमचं’ म्हणण्यासारखं उरतं काय? मॉडेल घडवायला संगणनशक्ती लागते, माणसं लागतात, डेटा लागतो, आणि या तिन्हींचा खर्च हिशोबात दिसतो. खर्च दिसत नसेल तर मॉडेल बहुधा दुसऱ्याचं आहे. यासाठी तंत्रज्ञान कळायची गरज नाही.

रिपोर्टात ‘एनव्हिडियाचा भागीदार’ असं काही आहे का? बऱ्याचदा त्यामागे एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा इन्सेप्शन कार्यक्रम असतो. तो स्टार्टअपसाठी मोफत आहे, हजारो कंपन्या त्यात आहेत आणि त्यासाठी एनव्हिडिया हिस्सा घेत नाही. म्हणजे तिने या कंपनीवर पैज लावली आहे असा अर्थ काढता येत नाही. ‘लेटर ऑफ इंटेंट’ (नुसतं इरादापत्र), ‘सामंजस्य करार’, ‘पायलट’ (छोटी चाचणी) या शब्दांपुढेही थांबा. ग्राहकाचं नाव आणि त्याने दिलेले पैसे, दोन्ही छापलेले नसतील तर ती विक्री धरू नका.

हे केवळ शेअर बाजारातल्या छोट्या कंपन्यांचंच दुखणं आहे असं नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) डेल्फिया आणि ग्लोबल प्रेडिक्शन्स या दोन गुंतवणूक सल्लागार संस्थांवर एआयच्या वापराबद्दल दिशाभूल करणारे दावे केल्याबद्दल कारवाई केली, दोघांना मिळून ४ लाख डॉलर दंड झाला. एप्रिल २०२५ मध्ये नेट नावाच्या खरेदी-ॲपच्या संस्थापकावर आरोप ठेवले गेले. ॲप एआयने आपोआप खरेदी करतं असं सांगून ४ कोटी डॉलरहून अधिक भांडवल उभं केलं आणि प्रत्यक्षात ऑर्डरी माणसं हाताने पूर्ण करत होती, असा तो आरोप आहे. तिथे तर व्यावसायिक गुंतवणूकदार होते, प्रश्न विचारायला त्यांच्याकडे माणसं होती.

दुसरी बाजू:

थोडा वेगळा सूर लावतो. छोट्या कंपन्यांकडे मोठे विश्लेषक ढुंकूनही पाहत नाहीत. पैसे देऊन अहवाल लिहून घेणं हा अनेकांचा एकमेव मार्ग असतो, आणि काही संस्था ते काम रोख मानधनावर, स्वतः शेअर न बाळगता, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे करतात. मोबदला घेतला म्हणून सगळं खोटं असं नाही. त्या अहवालात कंपनीच्या विरोधात जाणारी काही माहिती आहे का ते पाहा. स्पर्धक कोण, पैसे किती महिने पुरतील, कोणते ग्राहक सोडून गेले. धोक्यांबद्दल एक धड परिच्छेद नसेल तर त्याला अहवाल म्हणू नये.

आणि ‘मोबदला घेतलेला नाही’ असं लिहिलेल्या लेखावरही डोळे झाकून विसंबू नका. एप्रिल २०१७ मध्ये एसईसीने अशाच पेरलेल्या लेखांबद्दल २७ व्यक्ती आणि संस्थांवर कारवाई जाहीर केली होती. २५० हून अधिक लेखांत ‘आम्हाला कंपनीकडून पैसे मिळालेले नाहीत’ असं चक्क खोटं लिहिलेलं होतं. त्या मानाने तुमच्या दादांच्या रिपोर्टाने निदान घेतलेलं कबूल तरी केलं आहे.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘ताळेबंद’ यांनी सांगितलं तसं तारखांचं कोष्टक केलं. शेवटच्या प्रायव्हेट प्लेसमेंटचा भाव आजच्या भावाच्या निम्म्याहून कमी आहे, प्रत्येक शेअरमागे वॉरंटही दिलेलं आहे, आणि ती बंदी ज्या महिन्यात संपली त्याच महिन्यात जाहिरातीचा करार झाल्याचं प्रसिद्धीपत्रक आहे. जाहिरातीचा खर्च संशोधनाच्या वर आहे. लेखापरीक्षकांच्या अहवालात कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल लक्षणीय शंका असल्याचा परिच्छेद आहे, तो दादाच्या रिपोर्टात कुठेच नाही. याचा मला खरंच राग आला.

आणखी एक सापडलं. कंपनी आधी वेगळ्याच नावाने खाणकामाच्या क्षेत्रात होती, नंतर क्रिप्टोत आणि मग एआयमध्ये आली. हे कितपत गंभीर धरायचं?

ताळेबंद:

बरंच गंभीर. धंदा बदलणं गुन्हा नाही, पण दरवेळी त्या त्या वर्षीच्या गाजत्या विषयाकडे वळणारी कंपनी असेल तर तिचं खरं उत्पादन शेअर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी या शीतपेय कंपनीने नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं (ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टोमागचं तंत्रज्ञान) आणि एका दिवसात भाव दुपटीच्या वर गेला. पुढच्या वर्षी नॅस्डॅक या एक्स्चेंजने तिला यादीतून काढलं, २०२१ मध्ये एसईसीने तिच्या शेअरची नोंदणीच रद्द केली. संचालकांची नावं घेऊन ते आधी कोणकोणत्या कंपन्यांत होते आणि त्या कंपन्यांचं पुढे काय झालं, तेही शोधा. कंपनीने रिव्हर्स स्प्लिट केलं आहे का? जुने शेअर एकत्र करून संख्या कमी करायची, मग पुन्हा नवे छापायचे, असं चक्र एकदा दिसलं की पुढेही दिसतं.

ओटीसी मार्केट्सच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा. शंकास्पद जाहिरातबाजी किंवा तसाच गंभीर प्रश्न असेल तर ते ‘केव्हिएट एम्प्टर’ (घेणाऱ्याने सावध राहावं) म्हणून कवटीचं चिन्ह लावतात. मात्र चिन्ह नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका, ते बऱ्याचदा उशिरा लागतं.

अनुभवी बहीण:

तुमच्या दादांना ‘ही फसवणूक आहे’ असं म्हणू नका. तुम्ही ते सिद्ध करू शकत नाही आणि ते लगेच बचावाच्या पवित्र्यात जातील. माझ्या थोरल्या दिरांच्या बाबतीत मी एकच विचारलं होतं, "भावजी, विकायचा झाला तर रोज किती शेअरना गिऱ्हाईक आहे?" त्यांनी स्वतः रोजची उलाढाल काढली, आपण घेणार तेवढे शेअर शेजारी मांडले, आणि बाहेर पडायला आपणच भाव पाडावा लागेल हे त्यांचं त्यांना दिसलं. तारखांचं कोष्टकही दादांसमोर ठेवा, निष्कर्ष त्यांना काढू द्या. शेवटी पैसा त्यांचा आहे. फार तर गेले तरी निवृत्तीवर ओरखडा उठणार नाही एवढीच रक्कम ते घालतील, यावर तडजोड करा.

मूळ धागाकर्ती:

ताई, हे फार उपयोगी आहे. उलाढालीचा प्रश्न मी तसाच विचारणार आहे. शिवाय दादाच्याच नावाने कंपनीला पत्र लिहायचं आम्ही ठरवलं आहे. पैसे देणारे ग्राहक कोण, मॉडेल कुणाचं, आणि पुढच्या वर्षभरात किती नवे शेअर काढणार. उत्तर येईपर्यंत खरेदी थांबवायला तो तयार झाला आहे.

मॉडेलवाला:

उत्तम. पत्र पाठवताना रिपोर्टात दिलेला संपर्क वापरू नका, कंपनीने नियामकाकडे दिलेल्या कागदपत्रांतला पत्ता घ्या. उत्तर आलं की ज्या ईमेलवरून आलं तो पत्ता कंपनीचा आहे की त्याच जाहिरात संस्थेचा, तेही पाहा आणि इथे टाका. ‘नियमांमुळे सांगता येत नाही’ असं उत्तर आलं, तर जाहीर झालेल्या गोष्टी तरी कोणत्या कागदात आहेत ते उलट विचारा.