घरकुलाचा स्लॅब की मातीची भीत? ग्रीन बिल्डिंग गावात जमते का?

तिवसा रोडवाला: मागच्या वर्षी आज्याच्या हातचं दीड फुटी मातीच्या भितीचं कवेलूचं घर पाडून घरकुल बांधलं. १ लाख २० हजार अनुदान, २६९ चौरस फूट, वर स्लॅब. आता मे महिन्यात रात्री बारा वाजता भितीले हात लावला तरी गरम, सगळे अंगणात बाजा टाकून झोपतो. आणि जुन्या घराची पांढरी माती आमीच ट्रॅक्टरचं भाडं देऊन गावखारीत फेकली!! शहरात आर्किटेक्ट ग्रीन म्हणून जे विकते ते आमच्याकडं होतंच ना. सेवाग्राम आश्रमातलं गांधीजी राहायचे ते आदि निवास १९३६ चं, माती-बांबूचं, अजून उभं हाय. मंग सरकारी यादीत मातीची भीत 'कच्ची' काऊन?

मोर्शीची सून: आदि निवास सांभाळाले आश्रमात माणसं आहेत भाऊ. तुमच्या घरी कोण सारवत होतं तेवढं सांगा. माझ्या मायनं जल्मभर सणासुदीले सारवलं, पोतारा दिला, हाताले भेगा पडल्या. कवेलू फेराले माणूस भेटत नाही, भेटला तर फेरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी वान्नेरं येऊन नाचतात. उदई अन् विंचू वेगळेच. दोन महिने गरम होते म्हणून बारा महिने बाईनं पाठ मोडायची का?

चंद्रपूरचा मिस्त्री: दोघायचंही अर्धं बरोबर. आपल्या काळ्या जमिनीत खरा पैसा पायात जाते, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम भरल्याशिवाय भीत टिकत नाही, मग ती मातीची असो की सिमेंटची. मधला रस्ता राखेची वीट. आमच्या इथं कोळशावरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, राखेले तोटा नाही, वीट भट्टीत जाळा लागत नाही, साइज सारखी म्हणून मसालाही कमी लागते. पण गिऱ्हाईक म्हणते राख म्हणजे मसणातली, घराले नको. आता काय बोलता!

गाव सोडून पुण्यात: हे जगभर होतं. इजिप्तमध्ये हसन फथी या आर्किटेक्टनं १९४० च्या दशकात न्यू गुर्ना गाव मातीच्या विटांचं, घुमटांचं बांधलं, लोक राहायलाच येईनात. कारणं बरीच होती, पण घुमट म्हणजे कबर असंही लोक म्हणायचे. उलट बुर्किना फासोत फ्रान्सिस केरेनं स्वतःच्याच गावात, गांदोत, २००१ मध्ये मातीच्या विटांची शाळा बांधली, पत्रा भितीपासून उचलून धरला म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. गावकरी सोबत राबले. म्हणजे खर्चापेक्षा आपलेपणाचा प्रश्न मोठा.

पांढरकवड्याचा पोट्टा: खर्चापेक्षा म्हणे!! पुण्यात एसीत बसून लिहून राह्यला भाऊ. इथं घरकुलाचा हप्ता अडकला की जोत्यावर गवत उगवते. मातीच्या घरावर कोणती बँक कर्ज देते मले दाखवा. सर्टिफिकेटवाली ग्रीन बिल्डिंग कंपन्यायच्या ऑफिसले ठीक हाय, त्यायले लाइटबिल वाचवून पैसा वापस भेटते. आमच्या घरात दोन बल्ब अन् एक पंखा, वाचवू काय? अन् बांबूचं तर बोलूच नका, चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन केंद्र फेब्रुवारी २०२१ मध्ये जळालं ते सगळ्यायनं पायलं.

चंद्रपूरचा मिस्त्री: आगीचं मान्य. घुण लागू नये म्हणून बांबू बोरॅक्सच्या पाण्यात मुरवता येते, पण आगीले ते पुरत नाही.

तिवसा रोडवाला: सूनबाईचं मले लागलं, खोटं नाही सांगत, मी एकदाही सारवलं नाही. पण आता बांधलेल्या स्लॅबचं काय करू? तो तर पाडता येत नाही.

चंद्रपूरचा मिस्त्री: वरून पांढरा चुना मारा. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छताची पॉलिसीच काढली, तीही पांढऱ्या छताचीच गोष्ट. आधी स्लॅब झाडा, भेगा बुजवा, चुना रात्रभर भिजवून डिंक टाका, मग दोन हात. पावसानं धुऊन जाते, दरवर्षी मारा लागते.

मोर्शीची सून: म्हणजे हेही सारवणंच झालं. या वेळी शिडीवर तुमी चढा भाऊ.