उ: खड्डा भरला की तलाव झाला?

वाळू काढून झाल्यावर खड्ड्यात पाणी साठतं, भूजल वाढतं, मग वाळूच्या खाणीला परवानगी देताना एवढ्या अटी कशाला, हा इथे आधी मांडलेला मुद्दा मला पटत नाही. भूजलपातळीच्या खाली खणलं की जे पाणी दिसतं ते नवं साठलेलं नसतं, जमिनीखालचंच उघडं पडलेलं असतं. उघडं पडलं की त्याचं बाष्पीभवन सुरू होतं. शिवाय भूजलाची पातळी मुळात एका बाजूला उतरती असते आणि तलावाचा पृष्ठभाग सपाट. त्यामुळे भूजल जिकडून येतं त्या वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी खाली जाते, खालच्या अंगाला ती वर येते. गाळ साचून काठांतली छिद्रं बुजली तर हा परिणाम बदलतो, पण तोवर शेजाऱ्याच्या विहिरीचं काय?

खड्ड्याच्या काठापासून किती अंतर सोडायचं यावर इथे बरीच चर्चा झाली, पण पुराचा विचार कुणीच केला नाही. जुलै २०२१ मध्ये जर्मनीत एर्फ्ट नदीचं पाणी पात्राबाहेर पडून ब्लेसेम गावाजवळच्या वाळू-खडीच्या खाणीत कोसळलं. खाणीचा तळ खूप खोल, त्यामुळे धबधब्यासारख्या त्या प्रवाहाने काठ मागे मागे खात नेला, थेट वस्तीपर्यंत. घरं कोसळली. म्हणून अंतर फक्त मालमत्तेच्या हद्दीपासून मोजू नये. नदीचं पाणी खड्ड्याकडे कोणत्या वाटेने येईल, ते नकाशावर दाखवल्याशिवाय परवानगीच मिळू नये. काठाचा उतार आणि बांधाची उंची त्यानंतरच ठरवता येईल.