'सेट'चं कसलं कौतुक सांगता? आपलं 'लागणं' बघा की

कडकभाकरी : काल इथं एकानं टाकलं, 'ऑक्सफर्डच्या १९८९ च्या कोशात सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ. मराठीत असा एक शब्द दाखवा.' डोकंच फिरलं. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, डोळा लागतो. एसटी फलाटाला लागते ती वेगळी, घाटात लागते ती वेगळी (पिशवी जवळ ठेवा). अजून पाहिजेत?

सातरस्ता : ती पोस्ट माझीच. मोजा की, तीसच्या वर जाणार नाहीत. आणि सेट आता मागं पडलाय, 'रन' ६४५ वर गेलंय.

कडकभाकरी : सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सगळं एकाच पोत्यात भरलंय त्यांनी. मग मीपण नाद लागणे, नाट लागणे, पाठी लागणे धरतो. डिनर सेटसुद्धा मोजला असेल त्यांनी!

सातरस्ता : नाही हो. ४३० नुसत्या क्रियापदाचे. संच या अर्थाचा सेट फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलाय. दोघं आडनावबंधू, भाऊबंद नव्हेत.

तासिकावाला : सेटचा अर्थ मला विचारा. प्राध्यापकीसाठी लागते ती सेट परीक्षा पास होऊन नऊ वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर. सासरे विचारतात, 'जावईबापू, सेट झालात म्हणे?' काय सांगू? सेट झालो, पण सेट झालो नाही.

सातरस्ता : धागा शब्दांचा आहे. भरतीचं रडगाणं दुसरीकडं.

तासिकावाला : रडगाणं? मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. एम.ए., सेट माणूस चुलत्याच्या मागावर बसतो. एक मे काढून दाखवा, मग बोला.

पेठवाला : यंत्रमागावर कोण बसतंय बे? उभं राहावं लागतं.

तासिकावाला : बारा तास उभाच असतो. बोलायची पद्धत असते ती. तुम्हाला तेवढंच दिसलं?

कडकभाकरी : 'राहावं लागतं'! घ्या, अजून एक.

पेठवाला : आणि आमच्या सोलापुरी 'काय करलालास बे' यातलं 'लाला' म्हणजे 'लागला'च असणार. पुण्यात बोलत नाहीत म्हणून मोजायचं नाही का? तिकडं गेलं की आमच्या बोलण्याला हसतात लेकाचे.

सातरस्ता : पुण्याचं नाव मी घेतलं का? बरं बाबा, धरले दोन्ही. बत्तीस. झालं समाधान?

तासिकावाला : तेहतीस लिहा. 'वाट लागली' राहिलंय.